जुन्या डिझेल व्हॅनच्या इंजिनाची घरगुती दुरुस्ती

जुन्या डिझेल व्हॅनच्या इंजिनाची घरगुती दुरुस्ती म्हणजे संगणकीय नियंत्रण नसलेल्या, पूर्णतः यांत्रिक डिझेल इंजिनाची तपासणी, देखभाल व मर्यादित दुरुस्ती वाहनधारकाने साध्या अवजारांच्या साहाय्याने स्वतः करणे होय. महाराष्ट्रात या प्रकारातील सर्वांत परिचित वाहने पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज टेम्पो कंपनीची मॅटाडोर आणि टेम्पो ट्रॅव्हलर ही आहेत. प्रस्तुत लेखात या वाहनांतील ओएम ६१६ या इंजिनाच्या आधारे दोषनिदानाची पद्धत, घरी करता येण्याजोगी कामे आणि घरी करू नयेत अशी कामे यांची माहिती दिली आहे. स्थानिक परिस्थितीचे उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील कापूरहोळ व त्याच्या परिसरातील घाटरस्ते घेतले आहेत.

पार्श्वभूमी

नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो या वाहन कंपनीच्या सहकार्याने भारतात तीनचाकी मालवाहू वाहनांचे उत्पादन सुरू केले. ही कंपनी पुढे बजाज टेम्पो या नावाने ओळखली गेली व २००५ मध्ये तिचे नाव फोर्स मोटर्स असे झाले. 'टेम्पो' हे मुळात कंपनीचे नाव असले तरी मराठीत ते कोणत्याही लहान मालवाहू वाहनासाठी सामान्यनाम बनले. त्यानंतर आलेल्या मॅटाडोर या चारचाकी व्हॅनच्या बाबतीतही असेच घडले. अनेक गावांत कोणत्याही कंपनीच्या लहान प्रवासी व्हॅनला 'मॅटाडोर' म्हटले जाई. १९८७ मध्ये मर्सिडीज-बेन्झच्या व्हॅनवर आधारित टेम्पो ट्रॅव्हलर बाजारात आली.

१९८० च्या दशकात कंपनीने डायम्लर-बेन्झच्या परवान्याने ओएम ६१६ हे इंजिन बनवण्यास आरंभ केला. हेच इंजिन जर्मनीत मर्सिडीज-बेन्झ २४० डी या मोटारगाडीत बसवले जात असे व ती गाडी टॅक्सी म्हणून दीर्घकाळ वापरली गेली. हे चार सिलिंडरचे, सुमारे २.४ लिटर क्षमतेचे, पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. त्याचा ब्लॉक व हेड बिडाचे असून कॅमशाफ्ट हेडवर असतो आणि तो साखळीने फिरतो. इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता प्रथम हेडमधील लहान पूर्वकक्षात फवारले जाते. इंधनाचे प्रमाण व वेळ ठरवणारा पंप पूर्णपणे यांत्रिक असतो.

कापूरहोळ व परिसर

कापूरहोळ हे पुणे–सातारा महामार्गावरील गाव असून तेथून एक रस्ता भोरकडे व दुसरा नारायणपूरमार्गे सासवडकडे जातो. पुण्याहून येताना कात्रजचा चढ लागतो, तर साताऱ्याच्या दिशेने पुढे खंबाटकी घाट आहे. भोरच्या पश्चिमेस वरंधा घाटातून महाडकडे उतरता येते. जवळच्या नसरापूर येथून वेल्ह्याकडे, म्हणजे राजगड व तोरणा या किल्ल्यांच्या परिसराकडे, रस्ता जातो. भोर व वेल्हे या परिसराचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगांत असून तेथे पावसाळ्यात जोरदार पाऊस पडतो.

या भूगोलाचा इंजिनाशी थेट संबंध आहे. सपाट रस्त्यावर लक्षात न येणारे दोष घाटात उघड होतात. अर्धवट बुजलेला डिझेल फिल्टर चढावर गाडीची ताकद कमी करतो, अर्धवट चोंदलेला रेडिएटर चढावर पाणी उकळवतो आणि कमकुवत व्हॅक्यूम पंप उतारावर ब्रेकचे बळ काढून घेतो. महामार्गावर मेकॅनिक सहज मिळत असला तरी वेल्हे खोऱ्यातील वस्तीवर किंवा वरंधा घाटात तसे नसते. भाजीपाला, दूध, शाळेची मुले किंवा वऱ्हाडी वाहून नेणाऱ्या व्हॅनचा एक दिवस बंद पडणे म्हणजे त्या दिवसाचे उत्पन्न बुडणे होय. त्यामुळे अशा भागात वाहनधारकाला इंजिनाचे प्राथमिक ज्ञान असणे ही गरज ठरते.

कार्यतत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे हवा तापते आणि त्या तप्त हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. ओएम ६१६ मध्ये हवा मूळ आकारमानाच्या सुमारे एकविसाव्या भागापर्यंत दाबली जाते. त्यामुळे इंजिन चालण्यासाठी पुढील तीन गोष्टी पुरेशा असतात.

१. हवा: ती स्वच्छ व पुरेशी मिळाली पाहिजे आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह व हेड गॅसकेट यांनी ती गळू न देता दाबली पाहिजे.

२. इंधन: ते पाणी, कचरा व हवेचे बुडबुडे यांपासून मुक्त असले पाहिजे आणि योग्य क्षणी बारीक फवाऱ्याच्या रूपाने आत गेले पाहिजे.

३. सुरुवातीची उष्णता व वेग: थंड इंजिनात पूर्वकक्ष तापवण्यासाठी हीटर प्लग लागतो आणि हवा पुरेशी तापण्यासाठी सेल्फने इंजिन जलद फिरवावे लागते.

एकदा सुरू झालेल्या यांत्रिक डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी विजेची आवश्यकता जवळजवळ नसते. म्हणूनच अनेक जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्यासाठी किल्लीऐवजी ओढायची दांडी असे व ती पंपातील इंधन तोडत असे. दोषनिदानाची सारी पद्धत या तीन गोष्टींवर आधारलेली आहे. यांपैकी कोणती गोष्ट कमी पडते हे ठरवल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, हा या दुरुस्तीचा मूलभूत नियम आहे.

दोषनिदान

इंजिन सुरू न झाल्यास प्रथम ते कसे फिरते हे ऐकावे. सेल्फ मारल्यावर इंजिन जड व संथ फिरत असल्यास दोष बहुधा बॅटरी, तिची टोके, अर्थिंगची पट्टी किंवा सेल्फ यांत असतो. पूर्ण भारित व विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना हा आकडा ९.५ च्या खाली घसरल्यास बॅटरी किंवा जोडण्या तपासाव्यात. गंजलेली अर्थिंगची पट्टी घासून घट्ट केल्याने बरा झालेला 'बिघडलेला सेल्फ' ही गॅरेजमधील नित्याची गोष्ट आहे.

इंजिन जलद फिरते पण पेटत नाही, अशा वेळी धुराड्याकडे पाहावे. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल तर सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही असे समजावे. टाकी रिकामी असणे, इंजिन बंद करण्याची दांडी किंवा तिची केबल अडकलेली असणे, फिल्टर बुजणे व इंधननळीत हवा शिरणे ही त्याची प्रमुख कारणे होत. पांढरा धूर येत असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल तर इंधन पोहोचते पण पेटत नाही असा अर्थ होतो. अशा वेळी हीटर प्लग व कॉम्प्रेशन तपासावे.

चालू इंजिनात धुराचा रंग पुढीलप्रमाणे मार्गदर्शक ठरतो.

काळा धूर: इंधनाच्या मानाने हवा कमी. प्रथम एअर फिल्टर तपासावा. तो स्वच्छ असल्यास नोझलचा फवारा बिघडलेला असण्याची किंवा पंपातून जादा इंधन येत असण्याची शक्यता असते.

निळा धूर: इंजिन ऑइल जळत आहे. झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले ही सामान्य कारणे आहेत.

इंजिन तापल्यावरही टिकणारा पांढरा धूर: डिझेलचा वास नसेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटमधून पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याची शक्यता असते. थंडीच्या सकाळी काही मिनिटे दिसणारी वाफ मात्र स्वाभाविक असते.

चालू इंजिनावरील ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर वायूचा जोरदार मारा बाहेर येत असल्यास त्याला मेकॅनिकांच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. पिस्टनच्या रिंगांवरून दाब खाली गळत असल्याचे ते लक्षण आहे. निश्चित उत्तरासाठी कॉम्प्रेशन गेज वापरतात. ओएम ६१६ वर्गातील चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये २२ ते २४ बार दाब मिळतो. तो सुमारे १५ बारच्या खाली गेल्यास किंवा सिलिंडरांमध्ये ३ बारपेक्षा अधिक फरक आढळल्यास इंजिन उघडण्याची वेळ आली असे मानतात. डिझेल इंजिनासाठी पेट्रोल इंजिनाचे गेज चालत नाही, कारण त्याची मर्यादा कमी असते.

इंधनव्यवस्था

जुन्या डिझेल गाड्यांतील पुष्कळ तक्रारी इंधनव्यवस्थेतून उद्भवतात आणि त्यांतील बहुतेक घरी दूर करता येतात. टाकीतून येणारे डिझेल प्रथम फीड पंपाकडे व नंतर फिल्टरमधून मुख्य पंपाकडे जाते. मुख्य पंप ते प्रचंड दाबाने प्रत्येक नोझलकडे पाठवतो. भारतीय गाड्यांतील असे पंप व नोझल प्रामुख्याने मायको या नावाने ओळखले जात. बंगळूर येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते संक्षिप्त नाव होते. तिच्या नाशिक येथील कारखान्यात नोझल बनतात. आता ही कंपनी बॉश या नावाने ओळखली जाते.

पावसाळ्यात व अर्धवट रिकाम्या टाकीत आर्द्रता साठून पाणी तयार होते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. फिल्टरच्या तळाशी असलेला स्क्रू सैल करून हे पाणी ठराविक काळाने काढून टाकावे. डबा किंवा पिंपातील डिझेल टाकीत ओतताना बारीक जाळी वापरावी. पंप व नोझल यांतील भागांमधील फट इतकी सूक्ष्म असते की धुळीचा कणही तेथे चरे पाडतो. त्यामुळे इंधनव्यवस्थेचा कोणताही जोड सोडण्यापूर्वी त्याभोवतीची जागा ब्रशने व डिझेलने धुऊन घेणे आवश्यक असते.

एअर काढणे

टाकी कोरडी पडल्यावर, फिल्टर बदलल्यावर किंवा नळीच्या सैल जोडातून इंधनव्यवस्थेत हवा शिरते. डिझेल दाबले जात नाही, परंतु हवा दाबली जाते. त्यामुळे पंपाचा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो व नोझल उघडत नाही. ही हवा बाहेर काढण्याच्या कामाला 'एअर काढणे' म्हणतात. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनालाही हीच रीत लागू पडते. विहिरीवरील इंजिन वर्षानुवर्षे चालवलेल्या शेतकऱ्याला ती नवी नसते. तिचा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. टाकीत पुरेसे डिझेल असल्याची व बंद करण्याची दांडी चालू स्थितीत असल्याची खात्री करावी.

२. फिल्टरवरील एअर स्क्रू दोन फेरे सैल करावा.

३. फीड पंपावरील हँडपंप दाबत राहावे. प्रथम फेसाळ व नंतर अखंड डिझेल येऊ लागते. डिझेल येत असतानाच स्क्रू आवळावा.

४. मुख्य पंपावर स्वतंत्र एअर स्क्रू असल्यास तेथेही हीच कृती करावी.

५. इंजिन तरीही सुरू न झाल्यास दोन नोझलच्या नळ्यांचे नट एक फेरा सैल करून सेल्फ मारावा. डिझेल पाझरू लागताच नट आवळावेत.

६. सांडलेले डिझेल पुसून घ्यावे व सर्व जोड कोरडे राहतात याची खात्री करावी.

एअर वारंवार धरत असल्यास गळती शोधणे भाग असते. फीड पंपाच्या अलीकडील नळी शोषणाखाली असल्याने तेथील सैल जोडातून डिझेल बाहेर येत नाही, तर हवा आत जाते. म्हणून असा दोष डोळ्यांना दिसत नाही. त्या जागी तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे दिसतात व दोष टाकीच्या बाजूला आहे की नाही हे कळते. जोडांवरील तांब्याची वॉशर प्रत्येक वेळी नवी घालावी. ती उपलब्ध नसल्यास जुनी वॉशर लालबुंद तापवून पाण्यात बुडवावी. त्यामुळे तांबे पुन्हा मऊ होते व एकदा वापरण्याजोगे बनते.

कमकुवत सिलिंडर शोधणे

इंजिन एका सिलिंडरने 'मारत नाही' अशी शंका आल्यास मंद गतीवर चालू इंजिनात एका वेळी एकाच नोझलच्या नळीचा नट सैल करतात. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करीत नसतो. नटावर जाड फडके ठेवावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि हात नळीच्या तोंडासमोर आणू नये. त्यानंतर त्या सिलिंडरचे नोझल दुसऱ्या सिलिंडरच्या नोझलशी बदलून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब आहे; तेथेच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा पंप तपासावा. नोझल काढताना त्याखालील उष्णतारोधक वॉशर नवी घालावी लागते.

हीटर प्लग

ओएम ६१६ च्या आरंभीच्या आवृत्त्यांत उघड्या तारेचे हीटर प्लग एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर, जोडलेले असत. त्यांतील एक जळाला तर चारही बंद पडतात. नंतरच्या आवृत्त्यांत पेन्सिलच्या आकाराचे प्लग समांतर जोडले गेले. त्यांतील एक जळाल्यास इंजिन सुरू होते, परंतु पहिली काही क्षणे थरथरते व पांढरा धूर सोडते. आपल्या गाडीत कोणती जोडणी आहे हे आधी पाहावे, कारण तपासणीची पद्धत त्यावर अवलंबून असते. पेन्सिल प्लगची तार काढून मल्टिमीटरने रोध मोजल्यास चांगल्या प्लगचा रोध एक ओहमपेक्षा कमी भरतो. जळालेल्या प्लगमधून वीज वाहतच नाही.

डिसेंबर–जानेवारीतील पहाटे मावळी भागात हीटर प्लगचा दोष हमखास जाणवतो. अशा वेळी गाडी ढकलून किंवा हवेच्या मार्गात ईथरचा फवारा मारून सुरू करण्याचा मोह होतो. तापलेल्या हीटर प्लगवर ईथर लागल्यास स्फोटक ज्वलन होऊन पिस्टन किंवा रिंगा तुटू शकतात. त्यामुळे हा उपाय टाळावा.

टॅपेट सेटिंग

या इंजिनात व्हॉल्व्हची फट आपोआप जुळत नाही. ती ठराविक काळाने हाताने जुळवावी लागते. फट कमी झाल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन घटते व अखेर व्हॉल्व्ह जळतो. आवाज येत नाही म्हणून टॅपेट ठीक आहेत असे मानणे चूक आहे. कमी झालेली फट आवाज करीत नाही. ओएम ६१६ च्या मूळ मानकानुसार थंड इंजिनात इनलेट व्हॉल्व्हची फट ०.१० मिलिमीटर व एक्झॉस्ट व्हॉल्व्हची ०.३० मिलिमीटर असते. प्रत्यक्ष गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिलेला असल्यास तोच प्रमाण मानावा.

काम करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड असावे. वरचे झाकण काढून क्रँकच्या पुलीवरील बोल्टला पाना लावून इंजिन हाताने त्याच्या चालण्याच्या दिशेनेच फिरवतात. उलट दिशेने किंवा कॅमशाफ्टच्या बोल्टवरून ते फिरवू नये, कारण त्यामुळे साखळीवर अयोग्य ताण येतो. ज्या व्हॉल्व्हची फट मोजायची त्याच्या कॅमचे टोक रॉकरपासून दूर, वर आलेले असले पाहिजे. कॅम व रॉकर यांच्यामध्ये फीलर गेजची पट्टी किंचित अडखळत सरकली तर फट बरोबर आहे. ती जुळवताना दोन नट एकमेकांविरुद्ध धरावे लागतात. नट आवळल्यावर फट पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती बदलते. आठही व्हॉल्व्हचे आधीचे व नंतरचे आकडे कागदावर लिहून ठेवल्यास पुढील वेळी कोणता व्हॉल्व्ह झिजत आहे हे कळते.

शीतकरण

खंबाटकी किंवा कात्रजच्या चढावर तापमानाचा काटा चढू लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन काही काळ मंद गतीवर चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहते. फॅन बेल्ट तुटला असेल किंवा पाणी बाहेर पडत असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते व झाकण उघडताच ते उकळून अंगावर उडते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो.

तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा: पाण्याची पातळी, फॅन बेल्टचा ताण, नळ्यांची गळती, रेडिएटरच्या बाहेरील जाळीत अडकलेले गवत व किडे, झाकणाचे रबर, थर्मोस्टॅट व शेवटी वॉटर पंप. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा प्रचलित पण चुकीचा उपाय आहे. त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त लागते आणि सिलिंडर लवकर झिजतात. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात तापवून तो उघडतो की नाही हे घरीच पाहता येते. विहिरीचे जड पाणी वापरल्याने रेडिएटरमध्ये क्षार साठतात. म्हणून कूलंट व शुद्ध पाणी यांचे मिश्रण वापरावे.

इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, गळती न दिसता पाणी कमी होणे व ऑइलचा रंग दुधट होणे ही हेड गॅसकेट किंवा हेड बिघडल्याची लक्षणे आहेत. दुधट ऑइलवर गाडी चालवल्यास क्रँकची बेअरिंगे जातात. अशी गाडी ओढूनच न्यावी.

वंगण

डिझेल इंजिनातील ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. ते काजळी पकडून ठेवत असल्याचे हे लक्षण असून केवळ रंगावरून ऑइल खराब ठरवू नये. ऑइल गरम असताना काढावे व त्याबरोबर फिल्टरही बदलावा. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसल्यास ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. प्रमाणापेक्षा जास्त ऑइल भरणेही धोक्याचे असते.

काढलेले ऑइल हा घातक कचरा आहे. कापूरहोळ परिसरातील ओढे नीरा खोऱ्यात जातात व त्याच खोऱ्यातील पाण्यावर पुढील गावांची शेती अवलंबून असते. वापरलेले ऑइल नाल्यात ओतू नये, कुंपणाच्या खांबांना लावू नये किंवा चुलीत जाळू नये. ते बंद डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावे.

घरी करू नयेत अशी कामे

यांत्रिक इंजिन साधे असले तरी त्यातील काही कामांना अशी यंत्रे लागतात जी घरी नसतात. मुख्य पंप उघडणे व त्याचे इंधनप्रमाण जुळवणे हे काम चाचणी-यंत्र असलेल्या पंप दुरुस्ती केंद्रातच करावे. गाडी ताकद देत नाही म्हणून पंपावरील सील तोडून इंधन वाढवण्याची प्रथा आढळते. त्याने काही काळ ताकद वाढते, परंतु काळा धूर, वाढलेला खर्च व वितळलेला पिस्टन असा तिचा शेवट होतो. नोझलचा दाब व फवारा तपासणे, हेडचे फेसिंग, सिलिंडरचे बोअरिंग व क्रँक ग्राइंडिंग ही कामेही यंत्रशाळेचीच आहेत. साखळी किंवा पंप काढून परत बसवताना खुणा एका दाताने चुकल्यासही व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. पुरेसा अनुभव नसल्यास हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली करावे.

दुरुस्ती बाहेर देतानाही घरी केलेले निदान उपयोगी पडते. 'गाडी ओढत नाही' असे सांगण्याऐवजी 'तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा पाच बारने कमी आहे' असे सांगता आले, तर अनावश्यक भाग बदलले जात नाहीत.

सुरक्षितता

ब्रेकचे व्हॅक्यूम: पेट्रोल इंजिनाच्या हवामार्गात निर्वात निर्माण होतो, डिझेल इंजिनात तो पुरेसा होत नाही. त्यामुळे ब्रेकला साहाय्य करणाऱ्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो व तो इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडल्यावर साठलेला व्हॅक्यूम ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंतच पुरतो. त्यानंतर पेडल अत्यंत कठीण होते. म्हणून डिझेल वाचवण्यासाठी घाटातून इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी उतरवणे प्राणघातक ठरू शकते. ज्या गियरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम योग्य आहे. तपासणीसाठी बंद इंजिनावर ब्रेक अनेकदा दाबून पेडल कठीण करावे व ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर व्हॅक्यूम व्यवस्थित आहे.

उच्च दाबाचे इंधन: नोझलमधून शंभराहून अधिक बार दाबाने निघणारा फवारा त्वचेतून आत शिरू शकतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ती तातडीची वैद्यकीय बाब असते. गळती शोधण्यासाठी हात न वापरता पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

अनियंत्रित इंजिन: रिंगा खूप झिजलेल्या किंवा ऑइल जादा भरलेल्या इंजिनात ऑइल हवामार्गात शिरून तेच इंधन बनू शकते. अशा वेळी दांडी ओढूनही इंजिन थांबत नाही व त्याचा वेग वाढत जातो. हवा बंद करणे हाच खात्रीचा उपाय असतो. हवामार्गाचे तोंड लाकडी फळीने किंवा जाड पत्र्याने झाकावे. हात किंवा सैल कापड वापरू नये.

गाडीखाली काम: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. सपाट व टणक जागी चाकांना दगड किंवा ठोकळे लावून गाडी लोखंडी घोडीवर टेकवावी. मॅटाडोरचे इंजिन केबिनमध्ये, चालकाच्या शेजारील झाकणाखाली असते. त्यामुळे बंद जागेत इंजिन चालू ठेवून काम करू नये, आणि काम संपल्यावर झाकणाचे रबर नीट बसवावे, अन्यथा धूर केबिनमध्ये येतो.

अवजारे व सुटे भाग

पान्यांचा संच, सॉकेट, टॉर्क रेंच, फीलर गेज, मल्टिमीटर, डिझेलसाठीचे कॉम्प्रेशन गेज, जॅक व दोन घोड्या एवढ्या साहित्यात वरील बहुतेक कामे होतात. गाडीत कायम ठेवण्याच्या वस्तूंत फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, तांब्याच्या वॉशर, रबरी नळीचा तुकडा व क्लिपा, पाण्याचा डबा व विजेरी यांचा समावेश असावा. पुण्यात नाना पेठ ही वाहनांच्या सुट्या भागांसाठी, तर मंगळवार पेठेतील जुना बाजार वापरलेल्या अवजारांसाठी परिचित आहे. ओएम ६१६ इंजिन मॅटाडोर व ट्रॅव्हलरप्रमाणेच ट्रॅक्स या वाहनातही वापरले गेल्याने त्याचे अनेक भाग परस्परांना लागू पडतात. मात्र भाग घेताना इंजिन क्रमांक बरोबर न्यावा.

केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर व मोजलेले आकडे लिहिलेली वही ठेवणे उपयुक्त असते. जुन्या गाडीची किंमत ठरवताना अशी वही विक्रेत्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वासार्ह मानली जाते.

कायदेशीर बाबी

नियमित देखभाल व दुरुस्ती स्वतः करण्यास कायद्याची आडकाठी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मात्र नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीविना करता येत नाही. त्यामुळे इंजिन बदलायचे असल्यास आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकरण करावी लागते. व्यावसायिक वाहनास योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजली जाते. स्वच्छ एअर फिल्टर, योग्य टॅपेट व तपासलेली नोझल असलेले जुने इंजिन या चाचणीत दुर्लक्षित इंजिनापेक्षा पुष्कळ चांगले उतरते.

सद्यःस्थिती

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत इंधनाचे प्रमाण व वेळ संगणक ठरवतो आणि दोष शोधण्यासाठी स्कॅनर लागतो. ही इंजिने कमी धूर सोडतात व कमी डिझेलात अधिक ताकद देतात. परंतु त्यांची इंधनव्यवस्था रस्त्याच्या कडेला उघडता येत नाही. यांत्रिक पंपाच्या गाड्या कमी होत असताना त्यांची दुरुस्ती जाणणारे मिस्त्रीही कमी होत आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमात या इंजिनांची मूलतत्त्वे शिकवली जातात. हवा, दाब, इंधन व उष्णता यांचा परस्परसंबंध नव्या इंजिनातही तोच असल्याने, जुन्या व्हॅनवर मिळवलेले ज्ञान पुढील शिक्षणाचा पाया ठरते.

हे सुद्धा पहा

डिझेल इंजिन
फोर्स मोटर्स
कापूरहोळ
खंबाटकी घाट
वरंधा घाट